नाव टाकायच्या मशीनचा आवाज

ज्योत्स्ना, काल तुझी तेरवी झाली. पाहुणे गेले, मांडववाला कनाती घेऊन गेला, आणि आज सकाळी सासूबाईंनी मला माळ्यावरचा कुकर काढायला सांगितला. "आता काय हरकत आहे," म्हणाल्या. चोवीस वर्षं तो कुकर माळ्यावर होता, कारण तुला शिटी सहन होत नव्हती. डाळ गंजात शिजायची, तास तास. गंज म्हणजे पातेलं, हे मला तुला सांगायला नको, भांड्यांच्या दुकानात दोघी नांदलो. पण त्या गंजाजवळ तासभर उभं कोण राहायचं? मी. तेव्हा पहिली गोष्ट हीच ऐकून घे, की मला तुझा हेवा वाटायचा. अजून वाटतो. माणूस गेल्यावर हेवा जातो म्हणतात, ते खोटं आहे.

आणि आज मी तुला 'तू' म्हणणार आहे. वयानं मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी. पण तू मोठ्या भावाची बायको, मी धाकट्याची, म्हणून मी तुला ताई म्हणायचं, अहो-जाहो करायचं, हळदीकुंकवाला तुझ्या मागे उभं राहायचं. अकरा महिने आधी आलीस तू या घरात. अकरा महिन्यांत काय काय मिळवून बसली होतीस, बाई! रस्त्याकडची गडबड नको म्हणून मागची खोली तुझी. ट्यूबलाइट फडफडते म्हणून त्या खोलीत साधा पिवळा दिवा. फोडणीचा ठसका नको म्हणून मिरची माझ्याकडे. दुकानात गिऱ्हाइकाशी वाजलं, की मोठे भाऊजी आधी आत येऊन तुझं तोंड पाहायचे, मग बाहेर जाऊन भांडण संपवायचे. आणि या सगळ्यावर सासूबाईंचं एक वाक्य, कुणीही काही विचारलं की तयार: "तिले सहन होत नाई."

मला हे वाक्य कुणीतरी माझ्यासाठी म्हणावं असं फार वाटायचं. देवळीच्या या घरात मी चोवीस वर्षं त्याची वाट पाहिली म्हटलं तरी चालेल.

गंमत पाहा. तू हिंगणघाटची, कापसाच्या जिनिंगच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या गल्लीतली. मी आंजीची, बापाच्या मेथी-वांग्याच्या वावरात वाढलेली, जिथं दुपारी मोटर बंद झाली की पानावर पान घासल्याचं ऐकू यायचं. आवाजाची सवय तुला असायला हवी होती, मला नव्हती. पण झालं उलटंच. शेतातली पोरगी म्हणजे टणक, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. माझी हाडंच तशी मोठी, तेही एक.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट तुला आठवत असेल. सासऱ्यांची नजर कमी झाली होती आणि भांड्यांवर नाव टाकायचं मशीन तसंच पडून होतं. ते हातात धरायचं, पेनासारखं, आणि बटण दाबलं की टोक थरथरत स्टीलवर अक्षर कोरत जातं. आमच्याकडे लोक लग्नाचं भांडं घेतात ते नाव टाकून देतात म्हणूनच. त्याआधी तुझ्यावर ते काम टाकून पाहिलं होतं. एका परातीवर अर्धं नाव टाकलंस आणि दोन दिवस अंथरुणाला खिळलीस, हे मला माहेरीच कळलं होतं, लग्न ठरवणाऱ्या बाईनं सांगितलं होतं. तर सासूबाईंनी मशीन माझ्यापुढे ठेवलं आणि नीट विचारलं, "तुले जमन का? आवाजाचं काई होत नाई न तुले?"

तू सैपाकघराच्या दारात उभी होतीस. डोळे मोठे करून माझ्याकडे पाहात होतीस. मला वाटलं, पाहतेय, हिलाही जमत नाही का ते. आणि मी म्हटलं, "छे! मले काय होते?"

एवढंच. तेवढ्या एका तोऱ्यात मी चोवीस वर्षं बांधून घेतली.

तो आवाज काय करतो ते सांगू? आधी दातांत शिरतो. मग दाढेच्या मागून कानाकडे जातो. ताटलीचं एक वेळ बरं, पण गंज नाही तर परात असली की सगळं भांडंच ओरडायला लागतं, आणि ते मांडीवर असतं. दहा भांडी झाली की माझ्या बोटांना मुंग्या, वीस झाली की कुणी नुसतं "कुंदा" म्हटलं तरी रडू गळ्याशी. जेवणाची चव जायची. रात्रीच्या भाकरी थापताना कानात तेच किर्रर्र. पण मी टणक होते ना! म्हणून मी चोरून उपाय शोधले. भांड्याखाली दुमडलेलं गोणपाट घ्यायची. घसरू नये म्हणून, असं सांगायची. मधेच उठून 'हात काळे झाले' म्हणत मागच्या नळाखाली मनगटं धरून उभी राहायची. तोंडात लवंग धरायची. चुकीचं अक्षर पडेल म्हणून कुणी बोलायला येऊ नका, असा दमच देऊन ठेवला होता. सगळं खोटं. माणसाचा आवाज वर आणखी नको होता, इतकंच.

आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे तू.

मशीन सुरू झालं की तू आत जायचीस आणि दार लावून घ्यायचीस. कडीचा तो आवाज मला मशीनच्या आवाजातही कळायचा. मग मी पुटपुटायला लागायची. मशीनच्या आवाजात कोण ऐकतंय? माझं मलाच ऐकू यायचं नाही. "गेली महाराणी. दार लावलं. मखमलीत गुंडाळा हिले. आमी काय दगडाचे हाओत?" एका एका अक्षराला एक एक. ज्योत्स्ना, हा उपाय लवंगेपेक्षा जालीम होता. तुला मनसोक्त बोलून घेतलं की दातांची शिरशिरी अर्ध्यावर यायची. लग्नसराईत तर मी तुझ्या माहेरापर्यंत पोचायची.

पहिल्याच वर्षी मी एकदा खात्री करून घेतली होती. सहज विचारल्यासारखं, पोळ्या लाटता लाटता. "ताई, तिकडं खोलीत आयकू येते का वो काही?"

तू क्षणभर थांबलीस. मग म्हणालीस, "नाई बा. दार लावलं का काईच आयकू येत नाई."

झालं! मला मोकळं रान मिळालं. आणि हेवाही दुप्पट झाला, कारण म्हणजे त्या खोलीत खरंच शांतता होती. या घरात एक जागा अशी होती जिथं तो आवाज पोचत नव्हता, आणि ती तुला दिलेली होती.

मशीन बंद झालं की तू बाहेर यायचीस. दर वेळी. हातात माझा चहा. साखर जास्त, आलं नाही, माझ्या आवडीचा. आणि एक प्रश्न, "आज चाळीस झाले न वो?" मला त्याचाच संताप यायचा. दाराआड लोळायचं आणि वर हजेरी घ्यायची! बिलावरून सांगत असशील असं वाटायचं. एकदा म्हणालीस, "मनगटं थंड्या पान्यात धरजो कुंदा, बरं वाटते." मी म्हटलं, "मले कायले लागते?" आणि तू गेल्यावर नळाशी जाऊन धरली.

तू चांगली होतीस गं. तेच तर अवघड होतं. माझी लेक दहावीला असताना तिला पोटात गोळा यायचा, हात गार पडायचे, तर मी 'अभ्यास कर, नाटकं नको' म्हणून ओरडायची. तू तिला तुझ्या खोलीत घेऊन जायचीस. काय करायच्या दोघी तिथं, देव जाणे. बाहेर यायची ती शांत होऊन. मग मला म्हणाली एकदा, "मोठी आई म्हणते, ज्याला जास्त ऐकू येतं त्यानं आधी सांगून टाकावं. लपवलं की जास्त वाजतं." मी म्हटलं, तुझ्या मोठ्या आईला सांगायला काय जातं, ऐकणारे आहेत तिला. लेकीच्या बाबतीतही मला तुझा हेवा वाटला. माझी पोर, माझ्यासारखीच, आणि समजून घेतलं तू.

लग्नाला गेलो की बँड सुरू व्हायच्या आत भाऊजी तुला स्कूटरवर घरी आणून सोडायचे. मी मात्र आहेराच्या पिशव्या सांभाळत थेट डब्यासमोर. डबा म्हणजे त्या गाण्याच्या गाडीचा स्पीकर, भिंतीएवढा. माझी छाती त्याच्या तालावर हलायची. आणि बायका विचारायच्या, "मोठी नाई आली?" मीच उत्तर द्यायची. "तिले सहन होत नाई." तुझं वाक्य मीच गावभर पोचवलं, बघ.

आता पंधरवड्यापूर्वीचं बोलते. तू जायच्या आदल्या दिवसाचं.

एका वास्तुपूजनाच्या पंचवीस पराती होत्या. पराती! सकाळपासून डोकं धरलेलं, त्यात बाहेर बसस्टँडकडून कुणाचा तरी प्रचाराचा भोंगा. तू आत गेलीस, कडी वाजली, आणि त्या दिवशी मी जे पुटपुटले ते आधी कधीच पुटपुटले नव्हते. ते वाक्य मी इथं लिहिणार नाही, असं ठरवून बसले होते. पाहू.

पराती संपल्या. तू चहा घेऊन आलीस. चेहरा उतरलेला होता, पण तुझा चेहरा वर्षातले सहा महिने उतरलेलाच असायचा, मी काही लक्ष दिलं नाही. तू जवळ बसलीस, त्या स्टीलच्या किसात, साडी खराब होईल याचा विचार न करता. "कुंदा, मानूस ठेवू आपन यासाठी. मी यायले सांगतो." भाऊजींना सांगते म्हणालीस. "तुले बी सहन होत नाई."

"कोन म्हनलं?"

"मले आयकू येते."

मला हसूच आलं. कडू हसू. "दार लावून बसनाऱ्याले काय आयकू येते? तुमीच तं म्हनल्या होत्या काई येत नाई म्हनून. मी तुमच्यासारखी नाजूक नाई ताई. मले काई होत नाई."

तू काहीतरी बोलणार होतीस. "आयकू येते म्हनून तं..." एवढं बोललीस आणि थांबलीस. कप माझ्याकडे सरकवलास. "चहा घे. थंडा होते."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवलीस, दार लावून झोपलीस आणि उठली नाहीस. छातीत आधीपासून दुखत असणार, डॉक्टर म्हणाले. मरणसुद्धा कसं मिळालं तुला! बिनआवाजाचं. तू गेल्याचं कळल्यावर रडायच्याही आधी मला हाच हेवा वाटला, आणि मग मी इतकी रडले की बायका एकमेकींना म्हणाल्या, जावा जावा असून केवढा जीव.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी बैठकीत ठरलं की तेरवीला नातेवाइकांना स्टीलचे डबे द्यायचे. आपल्याकडे देतातच. झाकणावर तुझं नाव, खाली 'स्मरणार्थ'. सव्वाशे डबे. ज्योत्स्ना, तुला सांगते, त्या मशीनवर तुझ्या नावाएवढं वैतागाचं नाव नाही. माझं कुंदा, चार फटकाऱ्यांत मोकळं. तुझं म्हणजे ज ला य, त ला स, स ला न. आणि डब्याचं झाकण पातळ, ते तर किंकाळीच मारतं.

"कुंदा टाकन," सासूबाई म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही. "तिले काई होत नाई."

मशीन माझ्यापुढे होतं. मी नेहमीच्या पाटावर बसले, गोणपाट दुमडलं. पहिलं झाकण घेतलं. 'ज्यो' टाकला. आणि सवयीनं मी कडी वाजायची वाट पाहिली. कडी वाजली नाही. पुटपुटायला तोंड उघडलं, तर बोलायचं कुणाला? आत कुणी नव्हतंच. तो आवाज सरळ माझ्यात आला, मधे काही नव्हतं. मी बटण सोडलं आणि बैठकीत, सगळ्या पुरुषांसमोर, मोठ्यानं म्हटलं, "मले सहन होत नाई."

"काय?" सासूबाई.

"हा आवाज. कधीच झाला नाई."

सासूबाई म्हणाल्या, "मंग चोवीस वर्सं काऊन नाई बोलली?"

"तुमी कधी विचारलं?"

"विचारलं होतं माय," त्या हळू म्हणाल्या. "तिसऱ्याच दिवशी विचारलं होतं."

खरंच विचारलं होतं. तुलाही कुणी आयतं दिलं नव्हतं, ज्योत्स्ना. तुला विचारलं, तू त्रास होतो म्हणालीस, आणि नाजूक म्हणवून घेतलंस. मला विचारलं, मी नाही होत म्हणाले. एवढाच फरक होता आपल्या दोघींत, आणि मी त्याच्यावर अख्खा संसार जळत राहिले.

भाऊजी उठले. डोकं भादरलेलं, अंगावर पांढरं उपरणं. माझ्या हातातलं मशीन घेतलं. "मी टाकतो. तू आत जाय. दार लावून घे," म्हणाले.

मी तुझ्या खोलीत गेले. पहिल्यांदा, एकटी. कडी लावली. तुझ्या पलंगावर बसले, पिवळा दिवा लावला. आणि खरं सांगते, आनंद झाला. लाज वाटली, पण झाला. आता मला मिळणार होती ती शांतता. चोवीस वर्षं जिच्यासाठी जळले ती.

मशीन सुरू झालं.

आणि ते पार खोलीत होतं. माझ्या उशाशी. भिंतीत वर ती जाळीची झडप आहे ना, हवेसाठी केलेली, तिच्या बरोबर पलीकडे, खाली, नाव टाकायचा पाट. तू सांगितलं नव्हतंस. मी कधी पाहिलं नव्हतं, कारण तुझ्या खोलीत येऊन बसायचं म्हणजे तुला मान दिल्यासारखं झालं असतं. तो आवाज सगळाच्या सगळा येत होता. पण तेही चाललं असतं. आवाजाच्या खालून, अगदी स्पष्ट, कानात सांगावं तसं, भाऊजी बोलत होते. "मले सांगाचं न. छातीत दुखते म्हनून सांगाचं न जोत्स्ना. सगळं सांगत होती तू, हेच काऊन नाई सांगतलं?" मशीन चालू होतं, त्यांना वाटत होतं कुणाला ऐकू जात नाही. 'त्स्ना' आलं की हात अडायचा, मशीन थांबायचं, तेही थांबायचे. पुन्हा बटण, पुन्हा तेच. "सांगाचं न."

एक एक शब्द. मी तिथं बसून मोजत होते, नाव सुरू झालं, नाव संपलं. एक. दोन. तीन.

तू मोजत होतीस ते असं.

म्हणजे महाराणीही ऐकलंस. मखमलही. माहेरही. जिला गिऱ्हाइकाचा चढलेला आवाज सोसवत नव्हता, कुणी डोळे वटारले तर जिला दोन दिवस घास उतरत नव्हता, ती इथं बसून चोवीस वर्षं माझं ऐकत होती. गच्चीवर जाता आलं असतं. शेजारी जाता आलं असतं. मशीन थांबलं की उठून चहा टाकायला जवळ असावं म्हणून इथंच बसायचीस का? आता कुणाला विचारू? आणि मी विचारलं तेव्हा पोळीच्या परातीपाशी क्षणभर थांबलीस, आणि ठरवून खोटं बोललीस. मला बोलायला जागा राहावी म्हणून. मशीन सोसायला माझ्याकडे दुसरं काही नाही, हे तुला कळलं होतं.

त्या दिवशीचं वाक्य आता लिहिते. पंचविसातल्या कुठल्याशा परातीवर मी म्हटलं होतं, "मरत बी नाई एकदाची."

तेही ऐकलंस. आणि आलं न घालता चहा केलास.

याचाच आता हेवा वाटतो. खोलीचा नाही, पिवळ्या दिव्याचा नाही. सगळं लागत असून तू जे पोटात ठेवलंस त्याचा. मी टणक, मी ठणठणीत, माझ्याच्यानं त्यातलं एक वाक्य पचलं नसतं. मला तुझी माफी मागायची आहे आणि तुझ्याशी भांडायचंही आहे. एकदा तरी दार उघडून म्हणायचंस, कुंदा, मले आयकू येते. मी मेले असते शरमेनं, पण आपण दोघी बोललो असतो. भाऊजींनाही तू छातीचं सांगितलं नाहीस. लपवलं की जास्त वाजतं, हे माझ्या लेकीला शिकवलंस ना?

अठ्ठेचाळीस झाले तेव्हा मशीन मधेच थांबलं. मी डोळे पुसले, कडी काढली, चहा टाकला. भाऊजींना लागतो तसा, कडक. कप घेऊन पाटापाशी गेले. झाकणांवर तुझं नाव सगळीकडे वाकडं पडलं होतं, त्यांच्या उपरण्यावर स्टीलचा किस होता. त्यांनी कप घेतला. मान वर न करता, सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुंदा, तिकडं खोलीत आयकू आलं का काही?"

मी क्षणभर थांबले.

"नाई भाऊजी," मी म्हटलं. "दार लावलं का काईच आयकू येत नाई."